गारपीट व मिश्र वृष्टी : नाशिकचा डोंगराळ प्रदेश

पावसाचे थेंब आणि हिमकण किंवा गारा एकाच वेळी जमिनीवर येण्याच्या आविष्कारास मिश्र वृष्टी म्हणतात. हिमालयासारख्या उंच पर्वतांत पावसाळा संपून हिवाळा सुरू होताना, म्हणजे हिमऋतूच्या आरंभी, असा आविष्कार वारंवार आढळतो. एकाच डोंगरउतारावर पायथ्याशी पाऊस, मध्ये पाऊस व हिम यांचे मिश्रण आणि माथ्यावर निव्वळ हिम अशी स्थिती त्या वेळी असते. महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. येथे मिश्र वृष्टीचे एकच रूप प्रत्ययास येते, ते म्हणजे पावसाबरोबर पडणाऱ्या गारा. नाशिक जिल्ह्याचा मध्य व पूर्व भाग हे राज्यातील अशा वृष्टीचे एक ठळक क्षेत्र असून द्राक्ष, कांदा व डाळिंब या पिकांमुळे तेथे तिला मोठे आर्थिक महत्त्व आले आहे. हिम आणि गार ही दोन्ही गोठलेल्या पाण्याचीच रूपे असताना एकास नाशिकच्या डोंगरांवर मज्जाव व्हावा आणि दुसरीस न व्हावा, याचे कारण ढगातून जमिनीपर्यंतच्या त्यांच्या प्रवासात सापडते.

गोठणबिंदू पातळी : वातावरणात जसजसे वर जावे तसतसे तापमान सरासरीने दर किमी.ला सु. ६·५° से. या प्रमाणात उतरते. ज्या उंचीवर ते ०° से. होते त्या उंचीस गोठणबिंदू पातळी म्हणतात. नाशिकच्या अक्षांशावर (सु. २०° उ.) ही पातळी समुद्रसपाटीपासून हिवाळ्यात साधारणतः ४ ते ४·५ किमी. उंचीवर असते, तर पावसाळ्यात ती ५ किमी.च्याही वर जाते. उत्तरेकडून थंड हवा खोलवर शिरल्यास काही काळ ती यापेक्षा खाली उतरते. या पातळीच्या वर ढगांत हिमस्फटिक असू शकतात व बहुधा असतातच. उन्हाळ्यातील वळवाच्या पावसाचे पुष्कळसे टपोरे थेंब मूळचे ढगातील मऊ गारांचे वा हिमकणांचे वितळलेले अवशेष असतात, ही गोष्ट सामान्यतः लक्षात येत नाही.

हिमकण हलका व पसरट असल्याने सेकंदास सु. १ मी. एवढ्या मंद गतीने उतरतो. गोठणबिंदू पातळी ओलांडल्यावर तो ३०० ते ५०० मी. अंतरात पूर्णपणे वितळतो. हवामानाच्या रडारवर हा वितळणाऱ्या हिमाचा थर एखाद्या तेजस्वी पट्ट्यासारखा दिसतो. जमीन या पट्ट्याच्या वर असेल तर तेथे हिम पडते, पट्ट्यातच असेल तर मिश्र वृष्टी होते आणि पट्ट्याच्या खाली असेल तर पाऊस पडतो. मिश्र वृष्टीचा पर्वतावरील पट्टा अरुंद असतो व तो तासातासाला वरखाली सरकतो, याचे कारण हेच आहे. हवा कोरडी असल्यास पडणाऱ्या कणांच्या बाष्पीभवनाने ती थंड होते आणि हिम गोठणबिंदू पातळीच्या बऱ्याच खालीपर्यंत टिकते. म्हणून जमिनीजवळचे तापमान २° किंवा ३° से. असतानाही हिम पडलेले आढळते.

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर वसले आहे. जिल्ह्याच्या नैर्ऋत्य सीमेवरील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मी., तर बागलाण तालुक्यातील साल्हेर किल्ला १,५६७ मी. उंच आहे. म्हणजे हिवाळ्यातही या शिखरांच्या माथ्यापासून गोठणबिंदू पातळी आणखी सु. अडीच किमी. वर राहते. नाशिक शहरापासून ती साडेतीन किमी.च्या आसपास असते. हे अंतर कापण्यास हिमकणास पाऊण ते एक तास लागेल, पण पहिल्या दहा मिनिटांतच त्याचे पाणी झालेले असते. त्यामुळे सह्याद्रीवर किंवा सातमाळा डोंगररांगेवर हिम पडण्याची शक्यता व्यवहारात नाहीच.

असे असूनही ‘बर्फ पडला’ अशा वार्ता नाशिक परिसरातून अधूनमधून येतात. त्यांच्या मुळाशी दोन भिन्न आविष्कार असतात. पहिला अर्थात गारपिटीचा. जोरदार गारपिटीनंतर शिवारावर गारांचा पांढरा थर साचतो व तो काही तास टिकतो. दूरवरून किंवा छायाचित्रात तो हिमाच्छादनासारखा दिसतो. दुसरा आविष्कार दहिवराचा असून तो वृष्टीच नव्हे. हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री जमीन व वनस्पतींची पाने उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावरील दव गोठते किंवा हवेतील बाष्प थेट हिमरूपाने पानांवर जमते. गोदावरी-कादवा खोऱ्यातील सखल भागात रात्री थंड हवा साचून राहते. म्हणूनच निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत राज्यातील नीचतम तापमानांपैकी एक नोंदले जाते. महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या परिसरात दिसणारे हिमकणही याच जातीचे होत. दहिवर आकाशातून पडत नाही. ते तयार होण्यास आकाश स्वच्छ असावे लागते, तर गारेस प्रचंड ढग लागतो. दोहोंना एकच नाव दिल्याने पिकाच्या संरक्षणाचा विचारही चुकतो, कारण द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवणे किंवा पहाटे पाणी देणे हे उपाय दहिवरावर चालतात, गारपिटीवर नाहीत.

हिमालयातील ऋतुसंधी : खऱ्या हिममिश्रित पावसाशी मराठी वाचकाचा संबंध येतो तो मुख्यतः हिमालयातील पदभ्रमणाच्या निमित्ताने. ऑक्टोबर हा तेथील निरभ्र महिना मानला जातो व तो बहुधा तसा असतोही. परंतु याच सुमारास बंगालच्या उपसागरात चक्री वादळे निर्माण होतात आणि त्यांच्या अवशेषांचे बाष्प पश्चिमी विक्षोभाच्या थंड हवेशी गाठ पडल्यास उंच खिंडींत अकल्पित हिमवृष्टी होते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापटनमजवळ किनारा ओलांडलेल्या ‘हुडहुड’ या चक्री वादळाचे अवशेष उत्तरेकडे सरकून १४ ऑक्टोबर रोजी नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहात पोहोचले. ५,४१६ मी. उंचीच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात झालेल्या हिमवादळात व हिमलोटांत ४० हून अधिक माणसे मृत्यू पावली. तीत विदेशी गिरिभ्रमक होते, तसेच स्थानिक वाटाडे व मेंढपाळही होते.

अशा वेळी पावसाचे हिमात रूपांतर किती त्वरेने होते याची कल्पना साध्या गणिताने येते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सु. ८० कॅलरी उष्णता शोषून घेते. १० मिमी. पावसाइतके हिम ५०० मी. जाडीच्या हवेच्या थरात वितळले आणि बाहेरून उबदार हवा आली नाही, तर त्या थराचे तापमान हिशोबाने सु. ८° से.ने उतरू शकते. म्हणजे वृष्टी स्वतःच आपल्या वाटेवरील हवा थंड करून गोठणबिंदू पातळी खाली खेचते. संध्याकाळी पावसात भिजलेल्या तळावर मध्यरात्री हिम पडू लागते ते यामुळे. ०° से.च्या आसपासची ओली थंडी ही त्याहून पुष्कळ खालच्या तापमानाच्या कोरड्या थंडीपेक्षा अधिक घातक ठरते. भिजलेल्या कपड्यांचे उष्णतारोधन जवळजवळ नाहीसे होते व शरीराचे तापमान झपाट्याने घसरते. सह्याद्रीतील भर पावसाच्या भटकंतीची सवय असलेल्यांनी हा फरक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गारेची निर्मिती : गार ही हिमकणाप्रमाणे शांतपणे वाढत नाही. तिच्यासाठी गर्जन्मेघ आवश्यक असतो. तापलेल्या जमिनीवरील आर्द्र हवा वेगाने वर चढू लागली म्हणजे बाष्पाचे संद्रवण होऊन सुप्त उष्णता मुक्त होते आणि ऊर्ध्व प्रवाह अधिकच प्रबळ होतो. अशा मेघाचा माथा १२ ते १५ किमी. उंचीपर्यंत पोहोचू शकतो. गोठणबिंदू पातळीच्या वर गेल्यावरही सूक्ष्म जलबिंदू लगेच गोठत नाहीत. −१०° ते −२५° से. तापमानाच्या पट्ट्यात ते मोठ्या संख्येने अतिशीत द्रवावस्थेतच असतात. एखादी मऊ गार किंवा गोठलेला थेंब या पट्ट्यात आला की त्यावर आदळणारे अतिशीत जलबिंदू क्षणात गोठतात आणि तिचे आकारमान वाढत जाते.

जलबिंदू विरळ असल्यास ते आदळताच गोठतात, त्यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे अडकतात व थर दुधाळ दिसतो. जलबिंदू दाट असल्यास गोठताना मुक्त होणारी उष्णता त्वरित निघून जात नाही, पाणी पसरते आणि सावकाश गोठून काचेसारखा पारदर्शक थर तयार होतो. मोठी गार कापल्यास कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हे आळीपाळीचे थर दिसतात. गार ढगात अनेकदा वरखाली फेकली जाते व प्रत्येक फेरीस एक थर चढतो, असे स्पष्टीकरण जुन्या पाठ्यपुस्तकांत आढळते. आधुनिक अभ्यासानुसार गार पुष्कळदा एकाच फेरीत, ऊर्ध्व प्रवाहाच्या वेगवेगळ्या जलांशाच्या भागांतून तिरकी जात असताना वाढते. थर हे फेऱ्यांचे नव्हे, तर बदलत्या परिस्थितीचे निदर्शक होत. ज्या क्षणी गारेचे वजन ऊर्ध्व प्रवाहास पेलवत नाही किंवा ती प्रवाहाच्या कडेला ढकलली जाते, त्या क्षणी ती खाली येऊ लागते.

वातावरणविज्ञानात ५ मिमी. किंवा अधिक व्यासाच्या हिमगोलासच गार म्हणतात. सु. १ सेंमी. व्यासाची गार सेकंदास १० मी.च्या आसपास वेगाने पडते, तर ४ सेंमी. व्यासाच्या गारेचा वेग त्याच्या दुपटीहून अधिक असू शकतो. नाशिकवरील साडेतीन किमी.चा उबदार थर पहिली सहा मिनिटांत व दुसरी तीन मिनिटांहून कमी वेळात ओलांडते. हिमकणास जेथे तास लागला असता तेथे गारेस वितळण्यास सवडच मिळत नाही. हिम अडते आणि गार पोहोचते ते या वेगामुळे. लहान गारा मात्र वाटेत वितळतात व थंडगार टपोऱ्या थेंबांच्या रूपाने येतात. गारपिटीच्या आरंभी व अखेरीस पडणारा पाऊस अंगाला बोचरा लागतो, त्याचे हे एक कारण आहे.

ग्रामीण भागात गारेचे आकारमान हरभरा, सुपारी, बोर, लिंबू यांच्या उपमेने सांगतात. ही मापनपद्धती वाटते तितकी ओबडधोबड नाही. गारेचे वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात आणि पतनवेगाचा वर्ग व्यासाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून आघाताची ऊर्जा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. बोराएवढी (सु. २ सेंमी.) गार आणि लिंबाएवढी (सु. ४ सेंमी.) गार यांच्या आघातांत म्हणूनच सोळापटींचा फरक असतो. पहिलीने पाने फाटतात व मणी फुटतात, दुसरीने कौले फुटतात, फांद्या मोडतात आणि उघड्यावरील जनावरे व माणसे जखमी होतात. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात गारपिटीने २४६ माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक वातावरणवैज्ञानिक संघटनेने सर्वाधिक प्राणहानीची गारपीट म्हणून तिची नोंद केली आहे. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगला देशातील गोपालगंज येथे पडलेली १·०२ किग्रॅ. वजनाची गार ही नोंदलेली सर्वांत जड गार होय.

ऋतू व प्रदेश : नाशिक जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत जून ते सप्टेंबर या काळात पडतो. इगतपुरीस वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस होतो, तर सिन्नर-येवला भागात त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. तरीही या मुसळधार पावसात गारा जवळजवळ कधीच पडत नाहीत. मोसमी काळात गोठणबिंदू पातळी अतिशय उंच असते, घाटमाथ्यावरील ढग तुलनेने बुटके असतात आणि त्यांतील पाऊस बहुतांशी जलबिंदू एकमेकांत मिसळूनच तयार होतो. ऊर्ध्व प्रवाहही सौम्य असतात. गारपीट होते ती अल्प पावसाच्या पूर्व भागात व मोसमी काळाच्या बाहेर, मुख्यतः फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आणि क्वचित नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. पावसाचे प्रमाण आणि गारपिटीचा धोका यांचा नकाशा येथे जणू परस्परांच्या उलट आहे.

या काळात उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभाची द्रोणी कधी कधी दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत लांबते व उच्च पातळीवर थंड, कोरडी हवा आणते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरील प्रत्यावर्ती वाऱ्यांमुळे आग्नेयेकडून, तसेच अरबी समुद्रावरून निम्न पातळीवर आर्द्र हवा येत असेल, तर खाली उबदार व दमट आणि वर थंड अशी कमालीची अस्थिर रचना निर्माण होते. दुपारच्या उन्हाने तिला चालना मिळते. त्यामुळे बहुतेक गारपीट दुपार टळल्यानंतर ते रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत होते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असल्यास मेघ कलता राहतो, त्यातून पडणारी वृष्टी त्याच्याच ऊर्ध्व प्रवाहाचा गळा घोटत नाही आणि मेघ दीर्घकाळ टिकून मोठ्या गारा तयार करतो.

पूर्व-पश्चिम पसरलेली सातमाळा रांग, बागलाणमधील सेलबारी व डोलबारी या रांगा आणि त्यांमधील गिरणा, मोसम व आरम नद्यांची खोरी यांचाही यात वाटा आहे. डोंगरउतार सपाटीपेक्षा लवकर तापतात, वाऱ्यास वर चढण्यास भाग पाडतात व पहिले राशिमेघ बहुधा त्यांच्या माथ्यावरच उभे राहतात. मात्र डोंगर गारा ‘ओढून घेतात’ हा समज खरा नाही. ते मेघाच्या आरंभास मदत करतात, पुढे मेघ उच्च पातळीवरील वाऱ्याबरोबर सरकत जातो आणि गारा कित्येक किमी. दूरच्या सपाट शिवारात पडतात. गारपिटीचा पट्टा काही किमी. रुंद व काही दशक किमी. लांब, क्वचित याहूनही अरुंद असतो. एका गावाची सर्व शेती झोडपली जावी व बांधाला बांध लागून असलेल्या दुसऱ्या गावात पानही फाटू नये, ही गोष्ट या भागात नेहमीची आहे.

फेब्रुवारी २०१४ अखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट विस्तार व कालावधी या दोन्ही दृष्टींनी असाधारण होती. एरवी एखाद्या दुपारीपुरता मर्यादित असणारा हा आविष्कार त्या वेळी विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात दोन आठवड्यांहून अधिक काळ पुनःपुन्हा घडत राहिला. गहू, हरभरा, ज्वारी ही काढणीस आलेली रब्बी पिके आणि द्राक्ष, डाळिंब यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. बारामतीजवळील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या आपत्तीचा तपशीलवार अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध केला. एप्रिल २०२३ मध्ये बागलाण परिसरात काढणीच्या कांद्यावर गारा पडल्या आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी निफाड, दिंडोरी इ. तालुक्यांत अवकाळी पावसासह गारपीट झाली. नोव्हेंबरातील या घटनेमागे पूर्वेकडील वाऱ्यांतील द्रोणी व पश्चिमी विक्षोभ यांचा संयोग होता. त्याच दिवशी गुजरातेत विजा पडून २० हून अधिक माणसे दगावली.

पिकांवरील परिणाम : गारपिटीने होणारे नुकसान गारेच्या आकारमानाइतकेच पिकाच्या अवस्थेवर अवलंबून असते. नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वेलीच्या नव्या काड्या वाढतात व त्यांवरील डोळ्यांत पुढील हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर तेच घड बाहेर येऊन जानेवारी ते एप्रिल या काळात पक्व होतात. बागलाण भागात बाजारपेठ लवकर गाठण्यासाठी गोडी छाटणी पावसाळ्यातच उरकतात. या बागांना स्थानिक व्यवहारात ‘अर्ली’ असे म्हणतात. यामुळे जिल्ह्यात कोणत्याही एका दिवशी निरनिराळ्या अवस्थांतील बागा असतात.

नोव्हेंबरच्या अखेरीस गारा पडल्यास अर्ली बागांतील पक्व मणी फुटतात व त्यांतून रस गळून कूज लागते. केवळ पाऊस झाला तरी मणी पाणी शोषून तडकतात. उशिरा छाटलेल्या बागा त्या वेळी फुलोऱ्यात किंवा बारीक मण्यांच्या अवस्थेत असतात. तेथे घडांची गळ व कूज होते आणि पाठोपाठ डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा प्रादुर्भाव होतो. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट निर्यातीस तयार झालेला माल नेते. यापेक्षाही फसवी असते ती मे महिन्यातील गारपीट. त्या वेळी वेलीवर एकही घड नसतो, त्यामुळे पाहणाऱ्यास नुकसान झाल्यासारखे वाटत नाही. परंतु कोवळ्या काड्या मोडल्याने व साली सोलवटल्याने घडनिर्मितीच खुंटते आणि तोटा सात-आठ महिन्यांनी, पुढील हंगामात दिसतो.

कांद्याचेही असेच आहे. रोपवाटिकेतील रोपे गारांनी जमीनदोस्त होतात हे उघड दिसते. उन्हाळ कांद्याची पात मात्र एप्रिलमध्ये तशीही सुकू लागलेली असते, तेव्हा ती फाटल्याने फारसे बिघडले असे वाटत नाही. पण मानेजवळ बसलेल्या आघातातून व त्यातून आत गेलेल्या पाण्यातून रोगजंतू शिरतात आणि कांदा चाळीत भरल्यानंतर महिना-दोन महिन्यांत सडू लागतो. लासलगावच्या बाजारात पावसाळ्यात येणाऱ्या मालाची प्रत अशा रीतीने उन्हाळ्यातील एखाद्या दुपारीच ठरून गेलेली असते. डाळिंबाच्या फळावरील गारेचा व्रण काळा पडून फळाचे मोल घटते. गहू आडवा होऊन ओंब्या झडतात.

नोंद व पंचनामा : इतका परिणामकारक असूनही हा आविष्कार मोजणे अवघड आहे. पर्जन्यमापकात पडलेल्या गारा उसळून बाहेर जातात किंवा नरसाळ्यात अडकून सावकाश वितळतात. स्वयंचलित केंद्र मग हलका पाऊस दीर्घकाळ पडल्याची नोंद करते व गारांविषयी काहीच सांगत नाही. शिवाय पट्टा अरुंद असल्याने तो दोन केंद्रांच्या मधून निसटून जातो. गारपिटीचा खरा पुरावा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली नोंद आणि महसूल, कृषी व ग्रामपंचायत यांच्या कर्मचाऱ्यांनी संयुक्तपणे केलेला पंचनामा हाच राहतो. शासकीय मदतीसाठी पूर्वी किमान ५० टक्के पीकहानी आवश्यक मानीत. २०१५ मध्ये ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली गेली. तथापि पंचनामा आपत्तीनंतर लगेच होतो, तर चाळीतील कांदा किंवा पुढील हंगामातील वांझ काड्या यांची हानी तोवर प्रकट झालेली नसते. टक्केवारी कितीही खाली आणली तरी ही त्रुटी तिने भरून निघत नाही. तीसाठी पिकाची अवस्था व गारेचे आकारमान यांची त्याच दिवशीची नोंद लागते. पडलेली गार नाण्याशेजारी ठेवून घेतलेले छायाचित्र आणि वेळेची नोंद एवढ्यानेही पुढील निर्णयास मोठा आधार मिळू शकतो.

अंदाज व संरक्षण : अस्थिर हवेची शक्यता भारतीय वातावरणविज्ञान विभाग दोन-तीन दिवस आधी वर्तवू शकतो. नेमक्या कोणत्या शिवारात गारा पडतील हे मात्र डॉप्लर रडारच्या साहाय्याने फार तर तास-दोन तास आधी सांगता येते. रडारच्या परावर्तनाची तीव्रता गोठणबिंदू पातळीच्या बऱ्याच वरपर्यंत टिकून असल्यास मेघात गारा असल्याचे अनुमान काढतात. वातावरणाच्या वाढत्या तापमानाचा परिणाम दुहेरी संभवतो. गोठणबिंदू पातळी उंचावल्याने लहान गारा अधिक प्रमाणात वितळतील, पण वाढत्या बाष्पामुळे ऊर्ध्व प्रवाह प्रबळ होऊन मोठ्या गारांस अनुकूलता मिळेल. प्रदेशपरत्वे यांपैकी कोणता परिणाम वरचढ ठरेल हे वेगवेगळे असू शकते.

ढगावर तोफा डागून गारा थोपवण्याची कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द्राक्षमळ्यांतूनच पसरली. तिच्या उपयुक्ततेचा पुरावा आजवर मिळालेला नाही, तरी ती यंत्रे नव्या रूपात पुनःपुन्हा विकली जातात. सिल्व्हर आयोडाइडच्या बीजारोपणाने गारा लहान करण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये १९७७–८१ या काळात काटेकोर संख्याशास्त्रीय पद्धतीने करण्यात आला. त्यातही उल्लेखनीय घट आढळली नाही. ज्या उपायाचा गुण खात्रीने येतो तो एकच, आच्छादनाचा. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांवर जाळी ताणतात. नाशिकमध्ये काही द्राक्ष बागायतदारांनी प्लास्टिक आच्छादन स्वीकारले असून त्याने पावसापासूनही संरक्षण मिळते. त्याचा भांडवली खर्च मोठा आहे, सोसाट्याच्या वाऱ्यात सांगाडा कोसळण्याचे भय असते आणि प्रकाश घटल्याने भुरीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

गारपीट झालेल्या बागेत पहिल्या एक-दोन दिवसांत फुटलेले मणी व मोडलेल्या काड्या काढून टाकणे, साचलेले पाणी बाहेर काढणे आणि जखमांवर शिफारस केलेले बुरशीनाशक फवारणे इष्ट असते. माणसांच्या दृष्टीने गारेइतकीच, किंबहुना अधिक भीती त्याच मेघातील विजेची असते. नोव्हेंबर ते मे या काळात सातमाळा अथवा सेलबारी-डोलबारीच्या गडांवर जाणाऱ्यांनी व डोंगरावर मेंढरे चारणाऱ्यांनी दुपारनंतर पश्चिमेकडे काळसर पायथ्याचा, फुलकोबीसारख्या माथ्याचा ढग वाढताना दिसल्यास कडा व माथा सोडून खाली उतरावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. ढगापुढून थंड वाऱ्याचा झोत अंगावर आला की गारा पोहोचण्यास बहुधा काही मिनिटांचाच अवधी उरलेला असतो.